प्रयोग नकोत म्हणता? प्रयोग तर रोजच चालू आहे

"आमच्या माणसांवर औषधांचे प्रयोग नकोत."

हे वाक्य सध्या आपल्या भागातल्या तीन-चार ग्रुपवर फिरतंय. निमित्त टीबीच्या नव्या गोळ्यांचं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा कोर्स केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. त्याच्या बातमीखाली आपल्याच लोकांच्या प्रतिक्रिया: गिनिपिग बनवतात, गरिबाचा जीव स्वस्त, परदेशात चालत नाही ते इथे खपवतात. लिहिणारे शिकलेले आहेत. एक माजी नगरसेवक आहेत, दोन शिक्षक आहेत. हेतू कुणाचाच वाईट नाही. पण असले मेसेज वाचून एखाद्या पेशंटने गोळ्या नाकारल्या, तर त्याचा जीव जाईल आणि घरातल्या लेकराला तोच टीबी लागेल. म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी डॉक्टर नाही, तालुक्याचा पत्रकार आहे. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: न तपासलेलं औषध माणसाला देणं हाच सगळ्यात मोठा प्रयोग, आणि तो आपल्याकडे रोज चालतो. चाचणीत निदान संमतीपत्र असतं, नोंद असते, तुलना असते, मेलेल्या माणसाचा हिशेब कुणीतरी ठेवत असतं. न तपासता दिलेल्या औषधाला यातलं काहीच नसतं. माणूस बरा झाला तर डॉक्टरचा हातगुण, गेला तर "दुखणंच मोठं होतं". झाला विषय बंद.

उदाहरण घ्या कानामायसिनचं. ज्यांच्या घरात एमडीआर टीबीचा पेशंट होऊन गेला त्यांना हे नाव सांगायला नको. एमडीआर म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या दोन मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी. त्यावर वर्षानुवर्षं हे इंजेक्शन दिलं गेलं. सहा-सहा, आठ-आठ महिने, जवळजवळ रोज. नीट बसता येत नाही, कुशीवर झोपता येत नाही. आणि त्यात कित्येकांचे कान गेले. आधी कानात शिट्टी वाजते, मग घरचे म्हणतात टीव्हीचा आवाज केवढा ठेवलाय, मग एक दिवस काहीच ऐकू येत नाही. गेलेले कान परत येत नाहीत.

आता विचारा, हे इंजेक्शन एमडीआर टीबीत खरंच जीव वाचवतं हे तपासलं कुणी होतं? इतक्यांना दिलं, इतक्यांना नाही दिलं, दोन्हीकडे काय झालं, अशी चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना? तशी तुलना झालीच नव्हती. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून द्यायला लागले. देत होते म्हणून नियमावलीत आलं. नियमावलीत होतं म्हणून देत राहिले. शेवटी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २५ देशांतल्या १२,०३० पेशंटच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. अमिकासिन या इंजेक्शनचा थोडाफार फायदा दिसला. पण कानामायसिन आणि कॅप्रिओमायसिन घेतलेल्यांची गत ही इंजेक्शनं न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही इंजेक्शनं बंद करा म्हणून सांगितलं.

कुणी म्हणेल, जुन्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष पक्का कसा? जास्त आजारी माणसालाच इंजेक्शन दिलं गेलं असेल. बरोबर आहे, असू शकतं. पण मग ही शंका राहिली कशामुळे? वेळेवर नीट चाचणी झाली नाही म्हणून. जगभर माणसं बहिरी झाली आणि बदल्यात काय मिळालं ते छातीठोकपणे सांगताही येत नाही. याला म्हणतात गिनिपिग बनवणं. त्या वेळी एकाही ग्रुपवर मेसेज फिरला नव्हता.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे कान टीबीच्या अशाच उपचारात गेले. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांचेही गेले. या दोघींनी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीविरुद्ध अर्ज केला. बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या गोळीवरची मक्तेदारी कंपनीला वाढवून मिळू नये म्हणून. मार्च २०२३ मध्ये कंपनीची मागणी फेटाळली गेली आणि भारतीय कंपन्यांना ती गोळी स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. ज्यांनी भोगलंय त्या बायका नवी औषधं नकोत म्हणत नव्हत्या. चांगलं, तपासलेलं औषध सगळ्यांना मिळावं म्हणून भांडत होत्या.

औषध तपासायची पद्धत जगाने शिकली तीही टीबीवरच. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. इंग्लंडकडे पैसे नाहीत, स्ट्रेप्टोमायसिन मोजकंच. सगळ्यांना पुरणार नाही हे उघड होतं. मग १०७ पेशंट घेतले. कुणाला मिळणार ते डॉक्टरच्या मर्जीवर सोडलं नाही, वशिल्यावर तर नाहीच. बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरलं. ५५ जणांना औषध, ५२ जणांना तेव्हाचा नेहमीचा उपचार, म्हणजे अंथरुणावर विश्रांती. सहा महिन्यांत औषध घेतलेल्यांत ४ मेले, दुसऱ्या गटात १४. १९४८ साली हे छापून आलं. जगात जल्लोष.

पण ते लोक सहा महिन्यांवर थांबले नाहीत, पुढेही मोजत राहिले. पाच वर्षांनी पाहिलं तर औषधवाल्या ५५ पैकी ३२ गेलेले, बिगरऔषधवाल्या ५२ पैकी ३५. फरक जवळजवळ पुसला गेला होता. एकट्या औषधाला जंतू सरावला होता. टीबीला एका औषधाने मारता येत नाही, दोन-तीन औषधं एकदम लागतात, हा धडा त्या दिवसांतला आहे. कुणी मोजलंच नसतं तर 'जादूचं इंजेक्शन' म्हणून ते आणखी कित्येक वर्षं एकटंच टोचलं गेलं असतं.

एचआयव्हीचं घ्या. १९८६ साली अमेरिकेत एझेडटी या औषधाची चाचणी झाली, २८२ पेशंटवर. साखरेची गोळी मिळालेल्यांत १९ मृत्यू, एझेडटीवाल्यांत १. चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना औषध दिलं आणि मार्च १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. योग्यच झालं. माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती. पुढच्या वर्षी पेशंट आणि त्यांचे मित्र अमेरिकेच्या औषध खात्याच्या दारात जाऊन बसले: आम्ही मरतोय, तुमच्या फायली हलत नाहीत, औषधं लवकर द्या.

पुढचा प्रश्न आला: एचआयव्ही आहे पण अजून लक्षणं नाहीत, अशा माणसाला एझेडटी आधीच सुरू करावं का? रक्तातल्या सीडी-४ पेशी वाढत होत्या. रिपोर्ट छान दिसत होता. त्यामुळे कित्येक डॉक्टर देऊ लागले. ब्रिटन आणि फ्रान्सने मात्र चाचणी लावली. नाव 'कॉन्कॉर्ड', १,७४९ माणसं, तीन वर्षं. १९९४ साली निकाल छापून आला. लवकर सुरू करणाऱ्यांच्या सीडी-४ पेशी जास्त होत्या, पण मृत्यू आणि एड्स टळण्यात फायदा काहीच नाही. रिपोर्ट सुधारला, माणूस नाही. आपल्याकडे रिपोर्टचा कागद छातीशी धरून "नॉर्मल आलं बघा" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

पुढे औषधं बदलली, तीन औषधं एकत्र देणं आलं. तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. 'स्टार्ट' नावाची चाचणी, ४,६८५ माणसं, ३५ देश. २०१५ मध्ये उत्तर आलं: लवकर सुरू करा. गंभीर आजार किंवा मृत्यूच्या घटना लगेच सुरू केलेल्यांत ४२, थांबलेल्यांत ९६. आज एचआयव्हीचं निदान झालं की एआरटी सेंटरवर गोळ्या लगेच सुरू होतात, त्यामागे हे उत्तर आहे. एकाच प्रश्नाची वीस वर्षांत दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या काळी खरी. अंदाजाने यातलं एकही मिळालं नसतं.

अंदाजावर फार विश्वास असणाऱ्यांसाठी आणखी एक जोडी सांगतो. पेशंटला एचआयव्ही आहे आणि टीबीही आहे. टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. एचआयव्हीच्या कधी करायच्या? कंबोडियात ६६१ पेशंटवर तपासलं. दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांत १८ टक्के मृत्यू, आठ आठवडे थांबलेल्यांत २७ टक्के. म्हणजे लवकर करा. आता तोच पेशंट, पण टीबीऐवजी मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकस बुरशीची लागण. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत १७७ पेशंटवर तपासलं. लवकर सुरू केलेल्यांत ४५ टक्के मृत्यू, थांबलेल्यांत ३० टक्के. म्हणजे थांबा! दोन्हीकडे एचआयव्हीची तीच औषधं, उत्तरं मात्र उलटी. कितीही हुशार डॉक्टर असू दे, घरात बसून हे ओळखता येत नाही. तपासावंच लागतं, आणि तपासायला माणसं पुढे यावी लागतात.

आता बेडाक्विलिनकडे येऊ, कारण ग्रुपवरची भीती या गोळीचीच आहे. आणि ती भीती पूर्ण बिनबुडाची नाही, हे मी आधीच सांगतो.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने बेडाक्विलिनला घाईची मंजुरी दिली. कशावर? थुंकीतले जंतू लवकर नाहीसे होतात यावर. पण त्याच चाचणीत औषध मिळालेल्या ७९ जणांपैकी १० मेले होते आणि न मिळालेल्या ८१ पैकी २. कारण नीट उलगडलं नाही. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो हेही दिसलं होतं. अशा वेळी काय करायचं? औषध फेकून द्यायचं? की डोळे मिटून वाटत सुटायचं?

दक्षिण आफ्रिकेने दिलं, पण प्रत्येक पेशंटची नोंद ठेवून दिलं. त्या देशात टीबीच्या पेशंटमध्ये एचआयव्हीचं प्रमाण प्रचंड. १९ हजारांहून जास्त पेशंटच्या सरकारी नोंदी तपासल्या तेव्हा बेडाक्विलिन मिळालेल्यांत साधारण आठात एक मृत्यू, न मिळालेल्यांत चारात एक. २०१८ मध्ये त्या देशाने इंजेक्शनं काढून ही गोळी आणली. आणि चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना, 'स्ट्रीम' चाचणीचा दुसरा टप्पा, छापून आली २०२२ च्या शेवटी. भारतातले पेशंटही तिच्यात होते. गोळ्यांच्या कोर्सने ८३ टक्के बरे, इंजेक्शनच्या कोर्सने ७१ टक्के. कानांना इजा गोळ्यांत २ टक्के, इंजेक्शनमध्ये ९ टक्के.

म्हणजे गोळी खरंच चांगली निघाली. पण मंजुरी २०१२ ची आणि पक्कं उत्तर २०२२ चं. मधली दहा वर्षं? त्या दहा वर्षांत आपल्याकडे ही गोळी २०१६ मध्ये आली, तीही मोजक्या सहा ठिकाणी. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ती दिल्लीत मिळेना. कारण काय, तर ती दिल्लीची रहिवासी नाही. तिच्या वडिलांना हायकोर्टात जावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये गोळी मिळाली, पण तोवर फुप्फुसं खराब झाली होती. २०१८ मध्ये ती गेली. घाईत मंजुरी द्यायची, मग पुढची तपासणी रेंगाळत ठेवायची, आणि तपासणी पूर्ण नाही म्हणून पेशंटला दारातून परत पाठवायचं, हा कुठला न्याय? संताप करायचाच असेल तर या दहा वर्षांवर करा.

आणि आताचा नवा कोर्स, ज्यावर एवढा गदारोळ? बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत तपासला गेला. ८९ टक्के यश, जुन्या उपचारात ५२ टक्के. "परदेशात चालत नाही ते इथे खपवतात" या वाक्यात काही अर्थ उरला का? यातलं लिनेझोलिड मात्र त्रासदायक आहे. दक्षिण आफ्रिकेत १०९ जणांवर झालेल्या पहिल्या अभ्यासात (त्यांतल्या निम्म्यांना एचआयव्ही होता) दिवसाला १,२०० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा ८१ टक्के लोकांच्या हातापायांना मुंग्या, बधिरपणा, जळजळ. मग पुढच्या चाचणीत डोस अर्धा करून पाहिला. यश ९१ टक्क्यांवर टिकलं आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. आज पेशंटला ६०० मिलिग्रॅम मिळतं ते या मोजणीमुळे. त्या १०९ जणांनी सोसलं, त्यांची नोंद झाली, म्हणून आपल्या माणसाचे पाय वाचतात. आपले कानामायसिनवाले सोसून गेले, त्यांची नोंद कुणाकडे आहे?

हे सगळं लिहिताना दुसरी बाजू विसरलेलो नाही. आपल्या देशात चाचण्यांच्या नावाखाली लाजिरवाणे प्रकार झालेत. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबवला. मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही असं चौकशी समितीने म्हटलं. पण संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. आदिवासी, गरीब मुली. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. २०१३ मध्ये इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सरकारचे कान उपटले. मग नियम कडक झाले. २०१९ चे नवे औषध व चाचणी नियम आले. संमतीचं रेकॉर्डिंग, इजा झाल्यास भरपाई, नैतिकता समिती, हे सगळं लढून मिळालंय. ते एक इंचही सैल होऊ देऊ नका. वॉर्डनची सही चालणार नाही, अंगठ्याखाली काय लिहिलंय ते वाचून दाखवलंच पाहिजे, यासाठी तुमच्याबरोबर मोर्चात मीही चालेन. पण रस्त्यावर अपघात होतात म्हणून कुणी रस्ता उखडून टाका म्हणत नाही.

कारण चाचणीविना काय चालतं ते आपल्या बाजारपेठेत जाऊन पाहा. ताप आला, जुलाब झाले, मेडिकलमधून पट्टी आणली. एका गोळीत दोन अँटिबायोटिक. कुणी ठरवलं की ही दोन एकत्र चांगली? २००७ ते २०१२ या काळात भारतात विकल्या जाणाऱ्या ११८ प्रकारच्या अँटिबायोटिक जोडगोळ्या संशोधकांनी तपासल्या. त्यातल्या ७५ ना केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरीच सापडली नाही. सरकारने २०१६ मध्ये ३४४ जोडऔषधांवर बंदी आणली, कंपन्या कोर्टात गेल्या, २०१८ मध्ये पुन्हा ३२८ वर बंदी, २०२४ मध्ये आणखी १५६ वर. म्हणजे आधी विकायचं, वर्षानुवर्षं लोकांनी खायचं, मग कळणार की यात अर्थ नव्हता. २०१२ मध्ये संसदेच्या समितीने लिहून ठेवलंय की या खात्याने कित्येक नवी औषधं भारतात चाचणी न घेताच मंजूर केली. एवढा मोठा प्रयोग देशभर चालू होता आणि आपल्याला साधं विचारलंही नाही.

मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूतही फार वेगळं नाही. कोणतंच अँटिबायोटिक लागू पडेना की कोलिस्टिन काढतात. जुनं औषध, किडनीवर वाईट. सोबत मेरोपेनेम जोडायची पद्धत पडली. दोन बरी, असा हिशेब. इस्राएल, ग्रीस आणि इटलीत ४०६ गंभीर पेशंटवर तपासलं. एकट्या कोलिस्टिनमध्ये उपचार फसण्याचं प्रमाण ७९ टक्के, जोडीमध्ये ७३. खरा फरक म्हणावा असा नाही. दोन बाटल्यांचं बिल मात्र नक्की. आणि दोन्ही आकडे पाहा, चारातल्या तिघांचा उपचार फसतोय! म्हणजे नव्या औषधांची गरज किती आहे ते कळतं. नवं औषध आलं तर ते खरोखर दाद न देणाऱ्या जंतूच्या पेशंटवर तपासलं गेलंय का, हा पहिला प्रश्न. कारण आयसीयूतला, किडनी गेलेला, एचआयव्ही असलेला, गरोदर असलेला पेशंट चाचणीतून सोयीने वगळला जातो आणि औषध शेवटी त्यालाच दिलं जातं.

आणि "आमच्या माणसांवर नको" म्हणणाऱ्यांना एक आठवण. टीबीच्या पेशंटला मिरजेसारख्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने ठेवायचे, हे जुन्या लोकांना माहीत आहे. घरी राहून गोळ्या घेतल्या तरी तितकंच बरं होता येतं, हे जगाला सिद्ध करून दाखवलं १९५० च्या दशकात मद्रासच्या गरीब वस्तीतल्या पेशंटनी. दुसरी गोष्ट तर आपल्या पुण्याची. नवरा-बायकोपैकी एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी, नऊ देशांतली. त्यात भारताची केंद्रं दोन, पुणे आणि चेन्नई. २०११ मध्ये कळलं की गोळ्या लवकर सुरू केल्या तर जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी टळतं. आज एचआयव्ही असलेली माणसं बिनधास्त संसार करतात, निरोगी मुलं वाढवतात, त्यात पुण्यातल्या त्या जोडप्यांचा वाटा आहे. त्यांना गिनिपिग म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी चारात एक भारतात आहे. औषध आपल्याला लागणार सगळ्यात जास्त, आणि तपासायची वेळ आली की आपण म्हणणार दुसऱ्यांवर करा? त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये औषध नियंत्रकांनी अमेरिका, युरोप, जपान वगैरे देशांत मंजूर झालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट दिली आहे. अट अशी की विक्री सुरू झाल्यावर अभ्यास करायचा. ही अट पाळली जाते का ते कोण बघणार? तुम्ही-आम्ही विचारलं तरच.

म्हणून या मागण्या. येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदार-खासदारांना मी लेखी देणार आहे. तुमच्याही सह्या हव्यात.

१. घाईची किंवा सूट देऊन मंजुरी मिळालेल्या प्रत्येक औषधाच्या पुढच्या अभ्यासाची तारीख जाहीर करा. तारीख चुकली तर कंपनीला जाब विचारा. बेडाक्विलिनची दहा वर्षं पुन्हा नकोत.

२. टीबी आणि अँटिबायोटिकच्या चाचण्यांत एचआयव्ही असलेल्यांना आणि पूर्ण सुरक्षितता पाळून गरोदर बायकांना जागा द्या. वगळलं तर कारण लिहा.

३. निकाल चांगला येवो की वाईट, मराठीत, साध्या भाषेत जाहीर करा. भारतातली प्रत्येक चाचणी 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत घालणं २००९ पासून सक्तीचं आहे. ती इंग्रजीत आहे आणि तिच्यावरून गावातल्या माणसाला काही कळत नाही.

४. एमडीआर टीबीच्या प्रत्येक पेशंटची जिल्ह्यात कानाची, डोळ्यांची, ईसीजीची तपासणी वेळच्या वेळी व्हावी आणि त्रास नोंदला जावा. नुसत्या गोळ्या वाटून जबाबदारी संपत नाही.

५. उपजिल्हा रुग्णालयात थुंकी, लघवी, रक्ताचं कल्चर करून कुठलं औषध लागू पडतं ते बघायची सोय द्या. जंतू कुठला तेच माहीत नसताना चौथं अँटिबायोटिक बदलणं हाही प्रयोगच.

तुमच्या हातातलंही सांगतो. नव्या गोळ्यांवर असाल तर बंद करू नका. मुंग्या, नजर अंधुक, छातीत धडधड, काही वाटलं की लगेच टीबी केंद्रावर सांगा. कुठल्याही औषधाचा त्रास सरकारकडे नोंदवायला फुकट फोन आहे: १८००-१८०-३०२४. पेशंट स्वतः करू शकतो. तुमचा एक फोन म्हणजे एक नोंद, आणि अशा नोंदी नव्हत्या म्हणून माणसं बहिरी होत राहिली. डॉक्टरने मोठं अँटिबायोटिक लिहिलं तर नम्रपणे विचारा, "साहेब, कल्चर करायचं का आधी?" चांगला डॉक्टर रागावत नाही. जीवघेण्या इन्फेक्शनमध्ये तो नमुना घेऊन लगेच औषध सुरू करेल आणि रिपोर्ट आला की बदलेल. तेच बरोबर आहे.

आणि कुणी कधी चाचणीत भाग घ्यायचं विचारलं, तर घाईत हो म्हणू नका, घाबरून नाही म्हणू नका. विचारा: तुलना कशाशी आहे, इजा झाली तर खर्च कोण करणार, मध्येच सोडता येईल का, निकाल मला कळणार का? चारही उत्तरं सरळ मिळाली तरच सही करा.

सह्यांचा कागद येत्या रविवारपासून माझ्याकडे आहे. ज्या माजी नगरसेवक साहेबांनी तो मेसेज टाकला, त्यांची सही पहिली मिळाली तर मला आनंद होईल. शेअर करा, पण पूर्ण वाचून करा.